रोशन म्हणाला म्हणून पायथन नको

४ ऑक्टोबर, शनिवार

ही डायरी आमच्याच नाटक कंपनीची. मामा दर दिवाळीला दोनशे छापून गावोगावच्या मंडळांना वाटतो. वर त्याचा फेट्यातला फोटो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कंपनीचा मोबाइल नंबर. कुणी पान फाडून त्यात शेंगदाणे बांधले तरी जाहिरात झाली पाहिजे, असं मामाचं म्हणणं. गेल्या वर्षीच्या उरल्या होत्या, त्यातली एक मी उचलली. वार खोडून लिहिते आहे.

आज लिहायला कारण घडलं. आपल्या शीटमध्ये चोर शिरला आहे.

वडशात मेन रोडवर ओळीने नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. दसरा झाला की गावांची मंडळं येतात आणि आपापल्या शंकरपटाची, मंडईच्या जत्रेची तारीख बांधून जातात. दिवसा बैल धावणार आणि रात्री नाटक होणार, हे ठरलेलं. पूर्वी मामाकडे लाल रजिस्टर होतं. गेल्या वर्षी मी आरमोरीहून आले, बीसीए झालेली, अंगात उत्साह. रजिस्टर कपाटात टाकलं आणि सगळ्या तारखा ऑनलाइन शीटवर आणल्या. फेब्रुवारीत एकाच तारखेला दोन गावं निघाली. एका गावात आमचा मंच उभा आणि दुसऱ्या गावात मामा हात जोडून उभा. पाहुणे आले होते, लेकीबाळी माहेरी आल्या होत्या आणि नाटकच नाही. परत आल्यावर मामा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डिंपल, पुढच्या साली एक जरी तारीख आपटली, त मी रजिस्टर काढतो अन् तू आरमोरीले जाजो."

आरमोरीत बाबांनी स्थळांचे फोटो मोबाइलवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. फोल्डर बनवायला मीच शिकवलं होतं.

तर आज पाहते तो काय, १४ डिसेंबरला चिचटोला होतं, ते १६ ला गेलं आणि १४ ला बोडीटोला येऊन बसलं. मी केलेलं नाही. बदल मामाच्या खात्यावरून झाला आहे. मामाला टॅब सरळ धरता येत नाही. म्हणजे मामाचं खातं कुणीतरी फोडलं.

मी चिचटोला परत १४ ला आणलं. आणि ठरवलं की एथिकल हॅकिंग शिकायचं. चोराच्या वाटा माहीत असलेला चौकीदार व्हायचं. व्हिडिओ पाहिले. सगळे एकच विचारतात, आधी कोणती भाषा शिकाल?

जेवणात खोबऱ्याची चटणी होती. मामीचा हात सुटला आहे हल्ली.

६ ऑक्टोबर, सोमवार

समोरच्या कंपनीच्या ऑफिसात रोशन बसतो. पॉलिटेक्निक झालेला, केसांना जेल. त्याच्या टेबलावर लॅपटॉप आहे आणि माझ्या टेबलावर मामाचा टॅब, हा आमच्यातला फरक. सहज विचारल्यासारखं विचारलं, हॅकिंगसाठी कोणती भाषा बरी?

"पायथन," तो म्हणाला. "सोपी हाय. मी शिकवतो ना. चहाच्या टायमाले ये."

मग लगेच म्हणाला, "तुमची चौदा डिसेंबर भरली का?"

मी जागच्या जागी सावध झाले. बरोबर तीच तारीख. प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस मला फुकट शिकवायला का निघाला? काऊन? ज्याला माझं कुलूप फोडायचं आहे तो मला सोपी आणि कुचकामी भाषाच शिकवणार. पायथन रद्द.

एका व्हिडिओतले दाढीवाले सर म्हणतात, सी हा पाया आहे, पाया नसला तर इमारत नाही. पटलं. सी पक्की.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सीमध्ये 'नमस्कार वडसा' असं पडद्यावर आणायला पूर्ण दुपार गेली. आधी अर्धविराम विसरला म्हणून अडलं. अर्धविराम घातला तर दुसरीकडे अडलं. नंतर यंत्राने इंग्रजीत काहीतरी बजावलं आणि बंद पडलं. मुखरूभाऊ मागे उभे होते.

मुखरूभाऊंबद्दल लिहायला हवं. ते आमच्या कंपनीचे जुने खलनायक. चाळीस वर्षं गावोगावच्या बायांच्या शिव्या खाल्ल्या. आता गुडघे गेले, तर मामाने त्यांना घरीच ठेवून घेतलं. माईकवरून जाहिरात करतात. घरात माणसं तीन : मामा, गोकुळामामी आणि मुखरूभाऊ. मी पाहुणी, सीझनपुरती.

"काय करून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, चोर पकडायला शिकते आहे."

"चोराले पकडाचं असन त चोरासारखं बसा लागते," ते म्हणाले. "म्या तीस नाटकात चोर केला. चोर कधी पळत नाई. तो घरातल्या मानसासारखा फिरते."

जुनी माणसं. त्यांना काय माहीत, हल्लीचा चोर परदेशातही बसलेला असतो.

दोन तारखा पुन्हा हलल्या होत्या. मी पुन्हा जागच्या जागी आणल्या. रात्री भाजीत खोबरं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज एथिकल म्हणजे काय ते कळलं. दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यायची. ती असली तर तुम्ही तज्ज्ञ, नसली तर चोर. एवढ्या एका कागदाचा फरक आहे.

मी रीतसर अर्ज केला. विषय : आपल्याच यंत्रणेत चोरवाटेने शिरून पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.

मामाने तीन वेळा वाचला. "म्हंजे तू माह्याच घरात चोरी करणार, अन् मी खाली सही करू?"

"हो मामा. नियमच आहे."

"अन् सापडली त?"

"मी सापडणार नाही. चोर सापडेल."

मामाने सही केली, वर कंपनीचा शिक्काही मारला. मामी दारात उभी होती, ती हसली. म्हणाली, "यंत्राचा मालक कोण, ते तं आधी पाहा." मी म्हटलं, मामी, खातं मामाच्या नावावर आहे. ती म्हणाली, "असन बाप्पा," आणि आत गेली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शोध लागला. लिहितानाही हसू येतं.

मामाला विचारलं, तुझा पासवर्ड काय? "मले काय माहीत, टॅबवाल्या दुकानदारानं टाकला." दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, लक्षात राहावा म्हणून तुमच्या कंपनीचा मोबाइल नंबरच टाकला.

तो नंबर या पानाच्या तळाशी आहे. मागच्या पानाच्या तळाशीही आहे. आमच्या ट्रकच्या मागे आहे, एटापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत भिंतींवर गेरूने रंगवलेला आहे. भामरागडला पुरात रस्ता गेला होता, तेव्हा तो नंबर लिहिलेली भिंत तेवढी उभी होती, असं मामा अभिमानाने सांगतो. आणि मी इथे सी शिकत बसले होते.

ताबडतोब पासवर्ड बदलला. सतरा अक्षरी, आकडे आणि चिन्हं घातलेला. आता तो मला आणि मामाला माहीत आहे, आणि मामा विसरला आहे. संध्याकाळी मामी टॅब घेऊन आली, "बाई, हे उघडत नाई. मले अनारशाचा व्हिडिओ पाहाचा होता." दिवाळी तोंडावर आली आहे, तिला अडवून कसं चालेल? कागदावर लिहून दिला. म्हणजे तिघांना माहीत आहे, पण मामी काही मोजायची नाही.

आज फार दिवसांनी निवांत वाटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा बदल. सतरा अक्षरी पासवर्ड तीन दिवसांत फोडला. हा चोर साधा नाही.

सी सोडली. एक मुलगी सांगत होती की वेबवरचं सगळं जावास्क्रिप्टमध्ये असतं, तेव्हा तीच शिका. दुसरा म्हणाला, बॅश आल्याशिवाय हॅकरला कुणी दारात उभं करत नाही. तिसरा म्हणाला, रुबी. मी रुबीचे दोन धडे पाहिले, ते नाव आवडलं म्हणून. आतापर्यंत चार भाषांत 'नमस्कार वडसा' म्हणता येतं. पुढचं वाक्य एकाही भाषेत येत नाही.

रोशनने चहा पाठवला. बिस्किटंही. चौकशीसाठी असणार.

आमच्याकडे खोबऱ्याच्या वड्या. मामीला म्हटलं, एवढं खोबरं येतं कुठून? म्हणाली, "लोकं देतेत."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही. रोज तीन ते चार मी छापखान्यात पोस्टरची प्रुफं बघायला जाते; तेवढा वेळ मामी टेबलाशी बसते. माशा हाकलते, असं तीच म्हणते.

चोराने आतापर्यंत एकोणीस बदल केले. एकोणीसही मी परत फिरवले. १४ डिसेंबर तर तीनदा. आज वैतागून चिचटोल्याच्या सरिताबाईंना फोन लावला, त्या तिथल्या मंडळाच्या अध्यक्ष. म्हटलं, बाई, तुमची चौदाच पक्की, दुसरं कुणी काही सांगितलं तर ऐकू नका.

"पण आमाले तं सोळा सांगितली ना," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"तुमच्याच घरून फोन होता."

आता चोर आमच्या नावाने फोनही करतो. मी सांगितलं, चौदा म्हणजे चौदा, पोस्टर छापून पाठवते. पाठवलंही.

मामाला मात्र काही बोलले नाही. बोलले तर रजिस्टर निघेल. खरं लिहायचं तर मला भीती वाटते. आरमोरीची नाही एवढी, हे ऑफिस सुटण्याची. सकाळी मंडळं येतात, वाद घालतात, मुखरूभाऊ माईकवर घसा साफ करतात आणि मामी मला न विचारता माझ्या चहात आलं घालते. हे सगळं मला माझं वाटायला लागलं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

अभिमान गिळला आणि पायथन घेतली. रोशन म्हणाला म्हणून नाही. चार भाषांनंतर तीच उरली होती म्हणून.

शीटच्या इतिहासातून एकोणीस बदलांची तारीख आणि वेळ उतरवून घेतली आणि पायथनला एकच विचारलं, हे सगळे किती वाजता झाले ते मोज. अकरा ओळींत झालं. खरंच सोपी आहे, पण हे रोशनला सांगणार नाही.

उत्तर आलं : सगळेच्या सगळे दुपारी तीन ते चार.

मी लगेच निष्कर्ष काढला. चोराला माझी छापखान्याची वेळ माहीत आहे. म्हणजे तो समोरून बघतो. म्हणजे रोशन.

सोमवारी रंगेहाथ पकडते. छापखान्यात जाते असं सांगून निघायचं आणि मागच्या दाराने परत यायचं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सव्वातीनला मागच्या दाराने आले. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये जुन्या नाटकातल्या राजवाड्याचा पडदा लावलेला आहे. त्याच्या मागे उभी राहिले.

खुर्चीवर मामी होती. चष्मा लावून, टॅब उशीवर ठेवून, एका बोटाने लिहीत होती. शेजारी टेबलावर एक नारळ, त्याच्या शेंडीला सुतळीच्या गाठी. लिहून झालं तेव्हा तिने पुन्हा एकदा ओठ हलवत वाचलं, नारळ उचलला, उंबऱ्यावर फोडला आणि पाणी वाटीत धरलं.

मी पडद्याबाहेर आले. ती दचकली नाही. म्हणाली, "बस. पाणी पी नारळाचं."

मग सगळं बाहेर आलं. गावची माणसं गोंदियाच्या गाडीने उतरतात ती आधी घरी येतात, मामीच्या हातचं पाणी पितात आणि नारळ तिच्या हातात देतात. तिने नारळ घेतला की त्यांच्या लेखी तारीख बांधली गेली. बरीच जणं ऑफिसची पायरी न चढता परत जातात. मामी शेंडीला तारखेएवढ्या गाठी मारून नारळ देवापुढे ठेवायची, रात्री जेवताना मामाला सांगायची, मामा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि मग नारळ फुटायचा. बावीस वर्षं एकही तारीख आपटली नाही. मग मी आले आणि रजिस्टर कपाटात गेलं. जेवताना मामा म्हणायला लागला, ते डिंपलच्या कम्प्युटरात असते.

"मामी, मग मला का नाही सांगितलं?"

"मले कोणं इचारलं?" ती म्हणाली. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

"मागल्या साली माह्यापाशी नारळ होता, तुह्यापाशी तारीख होती. दोन्ही वेगवेगळ्या गावाच्या. मामा हात जोडून उभा राह्यला, म्या घरात रडली. मंग म्हटलं, पोरीचं यंत्र आपणच शिकू. ते खाण्याचे व्हिडिओ पाहाले तूच शिकवलं, तेवढ्यावर शिकली. चूक दिसली की म्या नीट करून ठेवो. तू मंग काऊन मोडत होती?"

म्हणजे एकोणीस वेळा तिने दुरुस्त केलं आणि एकोणीस वेळा मी बिघडवलं. चोर असलाच तर तो मी होते, आणि माझ्याजवळ सही-शिक्क्याची परवानगी होती.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

मग आठवलं. चिचटोल्यात चौदाची पोस्टरं लागली असतील. आणि बोडीटोल्याचा शंकरपट चौदाला, त्यांचा नारळ कधीच फुटलेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मामाला सगळं सांगितलं. रजिस्टर मीच कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवलं. बॅगही भरली होती.

मामाने रजिस्टरकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "तिले पाठवाचं असन त पाठवा. मंग तुमच्या टॅबवर कोण लिहीन? म्या एकटी नाई लिहत."

मामा बराच वेळ फेट्याशिवायचं डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "आधी चिचटोल्याचं निपटवा. मंग पाहू."

मी आणि मामी स्कूटीवर निघालो. मामीच्या मांडीवर नारळ. बावीस वर्षांत आमच्या घरातून गावाकडे नारळ नेण्याची ही पहिलीच वेळ, असं ती वाटेत दोनदा म्हणाली. धान कापणीला आलं होतं, सगळीकडे त्याचा वास. मला एरवी तो आवडतो.

सरिताबाईंनी पोस्टरकडे बोट दाखवलं. "हे काय मंग? तुम्हीच सांगता, तुम्हीच बदलता."

मी म्हटलं, बाई, चूक माझी आहे. आमच्या घरून मामीने केलेला सोळाचा फोन खरा होता, माझा खोटा. मामीने नारळ पुढे धरला. सरिताबाई हात मागे घेऊन उभ्या. नारळ हातात घेतला की सोळा मान्य झाली, हे त्यांना माहीत होतं.

"एक अट हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा मुखरू आला पायजे. मी लहान होती तईपासून त्याले शिव्या द्याच्या राह्यल्या. तो खलनायक करन, तं सोळा."

मामीने विचारही केला नाही. "करन," म्हणाली. सरिताबाईंनी नारळ घेतला.

घरी येऊन मुखरूभाऊंना सांगितलं. ते उठले, आरशासमोर गेले आणि मिशीला पीळ दिला. "गुडघे दुखतेत," म्हणाले, "पण खलनायकाले बसून बी दुष्टपणा करता येते." संध्याकाळभर खुर्चीत बसून हसण्याचा सराव चालला होता. समोरून रोशन घाबरून बघायला आला. त्याने चौदा डिसेंबरचं का विचारलं होतं, तेही आज विचारून घेतलं. त्या दिवशी त्यांच्या कंपनीला सुट्टी आहे, म्हणाला, आमचं नाटक बघावं म्हणत होता. आमचं नाटक त्याने नऊ वेळा पाहिलेलं आहे. काही लोकांना नाटकाचं फारच वेड असतं.

मामाने रजिस्टर परत कपाटात ठेवलं. माझी बॅग मामीने आधीच रिकामी केली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शीटमध्ये नवा रकाना घातला : 'नारळ'. तो मामी भरते. मामीचा रकाना रिकामा असेल तर तारीख पक्की होत नाही, असं मी पायथनमध्ये लिहिलं, बावीस ओळी. रोशनने तीन चुका काढल्या. काढू दिल्या.

मामीला स्वतःचं खातं काढून दिलं. म्हटलं, पासवर्ड तुझा तू ठेव, कुणालाही सांगू नको, मलाही नाही. तिने मला पाठ फिरवून बसायला लावलं आणि एका बोटाने टाकला.

मी म्हटलं, मामी, मी तो फोडून दाखवते. शिकलेलं तपासायला नको का?

"अर्ज कर," ती म्हणाली.

अर्ज केला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, खाली 'गोकुळा' अशी सही केली आणि स्वतःच्या हाताने अट लिहिली : तीन दिवस. मंग हार मान.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरा दिवस संपला. माहेरचं गाव टाकलं, देवांची नावं टाकली, घरच्या दोन्ही बैलांची टाकली. काही उघडत नाही. शेवटी मामीला दया आली. म्हणाली, "घरातल्या मानसाचंच नाव हाय, यंत्रात लिहतेत तसं इंग्रजीत. अजून काय सांगू."

मग पायथनला कामाला लावलं. घरातल्या सगळ्यांची नावं, उलटी, सुलटी, मागे जन्मसाल, पुढे आकडे, चारशे प्रकार. एकही लागलं नाही. मामी ताटं वाढत होती. म्हणाली, "तुह्या पायथनले मोजता येते ना? त घरातली मानसं पुन्हा मोज. अन् हात धुऊन ये, जेवण थंडं होऊन राह्यलं."

जेवून आल्यावर पुन्हा मोजली. मामा, मामी, मुखरूभाऊ. मला तरी तीनच भरतात.